अकरा दिव्यांवरचं पांघरूण

२०१४ सालच्या मे महिन्यात माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि मी घरी बसले. बसले म्हणायचं आपलं, कारण त्या दिवसांत मी एका जागी दहा मिनिटंही टेकत नव्हते. नवरा सकाळची ट्रेन पकडून वेलिंग्टनला जायचा, पाच वर्षांची मुलगी शाळेत जायची, आणि मग मी न्यूझीलंडमधल्या लोअर हटच्या आमच्या घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायचे. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये अकरा-बारा वर्षं गेलेली. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायची सवय हाताला लागलेली, आणि शोधायला आता फक्त घर उरलं होतं.

घर आम्ही उन्हाळ्यातच घेतलेलं. लाकडी, पत्र्याच्या छपराचं, बऱ्यापैकी जुनं. आधीच्या मालकाने स्वयंपाकघर आणि बसायची खोली यांच्यातली भिंत पाडून एक मोठी खोली केली होती आणि तिच्या छतात अकरा दिवे बसवले होते. छताला गोल भोकं पाडून आत बुडवलेले हॅलोजनचे दिवे. घर बघायला आलो तेव्हा एजंटने सगळे एकदम लावले आणि मी तिथल्या तिथे विरघळले. पुण्यातल्या आमच्या ट्यूबलाइटच्या घरातून आलेल्या मला ते हॉटेलसारखं वाटलं होतं.

जून उजाडला, इथला हिवाळा सुरू झाला आणि घराचं खरं रूप कळलं. सकाळी खिडक्यांच्या काचांवर आतून पाणी ओघळायचं. टॉवेलने पुसून पिळलं की अर्धं भांडं भरायचं. मुलीच्या कपाटामागे काळी बुरशी धरली. ती खोकायला लागली, आणि तो खोकला जाईना. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं आणि म्हणाल्या, घर गरम आणि कोरडं ठेवा. कसं ठेवायचं ते काही बोलल्या नाहीत.

“स्प्रिंगमध्ये छताला इन्सुलेशन करून घेऊ,” नवरा म्हणाला. “मी फोन केला होता. सगळीकडे सहा-सहा आठवड्यांची वेटिंग आहे.”

“आणि तोपर्यंत ही अशीच खोकणार?”

“हीटर आहे ना.”

“हीटरची सगळी ऊब वर जाते. वर काहीच नाहीये. मी बघितलंय.”

मी खरंच बघितलं होतं. पॅसेजच्या छतात माळ्यावर जायचं चौकोनी झाकण होतं, त्यातून डोकं घालून. तिथे उभं राहता येत नव्हतं. पत्र्याखाली रांगायचं, तेही आडव्या लाकडी तुळयांवरूनच, कारण मधल्या भागात पाय पडला तर सरळ खालच्या खोलीत. मला हेही सांगितलं पाहिजे, की त्या पहिल्याच दिवशी टॉर्चच्या उजेडात मला स्वयंपाकघराच्या बाजूला वाळक्या गवताचा ढीग दिसला होता. पत्र्याच्या फटीतून स्टारलिंग पक्षी आत येऊन घरटी करतात. हे नंतर काढायला हवं, असं मनाशी म्हणून मी खाली उतरले.

त्यात सासरे यायचे होते. माझ्या सासूबाई आदल्या वर्षी गेल्या. तेव्हापासून बाबा कराडला एकटेच होते. वीज मंडळात वायरमन म्हणून लागले आणि लाइन इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. बोलणं आधीच कमी, ते आता फोनवर ‘हं’ आणि ‘बरंय’ एवढ्यावर आलं होतं. आम्ही खूप मागे लागलो तेव्हा तीन महिन्यांसाठी यायला तयार झाले. सत्तरीचा माणूस कराडच्या उबेतून उठून या गारठ्यात येणार, आणि मी त्यांना काय देणार, तर ओल्या काचा?

मी थांबले नाही. दुकानातून ग्लासवूलच्या, म्हणजे काचेच्या तंतूंच्या, गुंडाळलेल्या गाद्या घेऊन आले. इथे त्यांना बॅट्स म्हणतात. गाडीच्या मागच्या सीट आडव्या करूनही तीन खेपा झाल्या. लांब बाह्यांचा शर्ट, मोजे, हातमोजे, तोंडाला मास्क असा जामानिमा करून, तुळयांवर फळी टाकून मी माळ्यावर चढले.

पिशवीवर काय लिहिलं होतं ते मी वाचलं होतं. इथे खोटं बोलायची सोय नाही. ठळक अक्षरात, चित्रासकट सूचना होती, की छतात बुडवलेल्या जुन्या दिव्यांवर गादी घालू नका, दिव्याच्या चारी बाजूंनी दहा सेंटीमीटर जागा मोकळी सोडा. आणि पहिल्या दिवशी मी ती सोडलीही. प्रत्येक दिव्याभोवती गादी कापून, पट्टीने मोजून.

संध्याकाळी खाली स्टुलावर चढून एका बंद दिव्याखाली हात धरला. गार हवेची धार सरळ तळव्यावर पडत होती. दुसऱ्याखाली धरला, तिसऱ्याखाली धरला. अकराच्या अकरा भोकांतून माळ्यावरची थंडी घरात उतरत होती. बाकीच्या खोल्या सुधारल्या होत्या, पण ज्या खोलीत आम्ही दिवसभर असायचो तीच गारठलेली. मुलगी सोफ्यावर रग पांघरून कार्टून बघत होती आणि मधूनच खोकत होती.

दुसऱ्या दिवशी मी परत वर गेले आणि सगळी मोकळी जागा बुजवली. दिव्यांवर, त्यांच्याशेजारच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या डब्यांवर, सगळ्यावर गाद्या अंथरल्या. त्याच पिशवीवर ‘ही वस्तू जळत नाही’ असंही छापलेलं होतं, ते वाक्य मी धरून ठेवलं. जळतच नाही, तर घातलं म्हणून काय होणार? काम करताना हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला, की तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

घर गरम झालं. अगदी चार दिवसांत फरक पडला. काचा कोरड्या राहू लागल्या, मुलीचा खोकला निम्म्यावर आला. नवरा संध्याकाळी आल्यावर स्वेटर काढून म्हणाला, “मानलं बुवा तुला.” मला बरं वाटलं, पण ते बरं वाटणं टिकेना. मी दिवसातून कितीदा तरी छताकडे बघायचे. शेगडीवरच्या छतातला एक दिवा आपोआप विझायला लागला. दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप लागायचा. बल्ब सैल असेल म्हटलं. मग संध्याकाळी स्वयंपाक करताना एक वास यायला लागला, सुक्या मासळीसारखा. आमचं घर शाकाहारी. शेजारी काहीतरी भाजत असतील म्हणून मी खिडकी लावून घेतली. खिडकी लावल्यावरही वास येतच होता. तरी मी शेजाऱ्यांनाच धरून बसले.

बाबा आले. विमानतळावर नातीने त्यांना बघितलं आणि माझ्या मागे लपली. “से हॅलो टू आजोबा,” नवरा म्हणाला, तर ती म्हणाली, “ही लुक्स सॅड.” बाबांना इंग्रजी कळत होतं. ते हसले, आणि दोन दिवसांच्या प्रवासाने सुजलेल्या पायांनी तिच्यासमोर उकिडवे बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी पोळ्या करत होते. बाहेर अंधारून आलं होतं, अकराही दिवे चालू. बाबा टेबलाशी बसून नातीला शेंगा सोलून देत होते. सोलता सोलता त्यांचे हात थांबले.

“हा वास कधीपासून येतोय?”

“आठवडा झाला असेल. शेजारचे मासे खातात वाटतं.”

“मासे नाहीत ते.” ते उठले. खोलीभर मान वर करून हळूहळू फिरले आणि शेगडीपाशी थांबले. “प्लॅस्टिक तापलंय. होल्डर नाहीतर कनेक्टर. हे बघ.”

दिव्याभोवती पांढऱ्या छतावर फिकट तपकिरी कडं उमटलं होतं. मी रोज छताकडे बघत होते आणि ते मला दिसलं नव्हतं. बाबांनी खुर्ची ओढली, मी नको नको म्हणेपर्यंत चढले आणि कड्याच्या बाजूला पालथा हात टेकवला. लगेच काढला.

“वर काय घातलंय?”

“गाद्या. थंडीसाठी.”

“दिव्यांवर?”

“हो.”

“मेन कुठे आहे?”

मी दाखवला. त्यांनी खटका ओढला आणि घर काळंमिट्ट झालं. मुलगी किंचाळली.

“आता फोन कर,” बाबा म्हणाले. “इथे ज्यांना बोलवतात त्यांना.”

“बाबा, मेन बंद झालाय ना. मी आधी वर जाऊन बघते, काही नसेल तर उगाच—”

“वर कुणीही जायचं नाही. झाकण उघडलंस तर त्याला हवा मिळेल. पोरीला घे आणि बाहेर हो.” त्यांचा आवाज चढला नव्हता. पण तो कराडच्या फोनवरचा आवाज नव्हता. खांबावर चढलेल्या माणसाला खालून सूचना देणारा हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

फोन करून आम्ही समोरच्या फुटपाथवर उभे राहिलो. मुलगी मोज्यांवर होती, म्हणून मी तिला कडेवर घेतलेलं. गार वारा सुटला होता. बाबा नवऱ्याचं जॅकेट घालून घराच्या पत्र्याकडे एकटक बघत होते. गाडी काही मिनिटांतच आली. अग्निशमन दलाची चार माणसं उतरली. मी धाप लागल्यासारखं काहीतरी सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ती आत गेली. उष्णता दाखवणारा एक कॅमेरा त्यांच्याकडे होता. खिडकीतून त्यांच्या टॉर्चचे झोत फिरताना दिसत होते.

तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला माझा नवरा दिसला. तो स्टेशनवरून चालत यायचा. वळणावर आला, लाल दिवे फिरताना दिसले असणार, आणि तो पळायला लागला. खांद्यावरची लॅपटॉपची बॅग त्याने रस्त्यातच टाकली. आम्ही समोरच्या बाजूला अंधारात होतो, त्यामुळे आम्ही त्याला दिसलोच नाही. तो सरळ घराच्या दाराकडे पळत होता. मी हाक मारत होते, पण गाडीच्या इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू जात नव्हतं. दारातल्या फायरमनने त्याला दोन्ही हातांनी धरून वळवलं, आणि मग आम्ही त्याला दिसलो.

अर्ध्या तासाने त्यांच्यातला वयस्क माणूस एक गादी आणि काळपट गवताचा गठ्ठा घेऊन बाहेर आला. गादीच्या खालच्या बाजूला तळहाताएवढा भाग करपून काळा झाला होता. गवताची एक बाजू कोळशासारखी. ज्वाळा उठली नव्हती, पण धुमसायला सुरुवात झाली होती.

“काच जळत नाही,” तो मला समजावत होता, “पण ती उष्णता अडवते. हे जुने दिवे आपली उष्णता वर सोडतात. तू वरून झाकलंस, तर ती जाणार कुठे? वायरमध्ये, लाकडात. आणि शेजारी हे गवत.” मग माझं तोंड बघून त्याला दया आली असावी. “हीप्स ऑफ पीपल डोन्ट नो,” तो म्हणाला.

मी हो म्हणून मान हलवली.

नवऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तुला कसं माहीत असणार?” तो म्हणाला. “कुणी सांगितलं तर कळणार ना.”

मी पुन्हा मान हलवली.

आगीची भीती एक-दोन दिवसांत ओसरली असती. हे मान हलवणं मात्र ओसरेना. दिवे बंदच ठेवलेले, टेबललॅम्पच्या उजेडात आम्ही वावरत होतो. नवरा माझ्याशी जपून वागत होता, चहा करून देत होता, आणि त्याने जितकं जपावं तितकं मला घरात थांबवेना. मी मुलीला शाळेत सोडून नदीच्या बांधावर चालत सुटायचे. तासाभराने परत यायचे, दहा मिनिटं बसायचे, पुन्हा बूट घालायचे.

तिसऱ्या दिवशी परत आले तर बाबा गॅरेजमध्ये होते. रिसायकलिंगच्या डब्यातून त्यांनी बॅट्सची पिशवी काढली होती आणि चष्मा नाकावर ओढून, ओळीवर बोट ठेवून वाचत होते. मी दारात थांबले.

“हे चित्र तर न वाचताही कळतं,” ते म्हणाले.

“हो.”

“बघितलं होतंस?”

“हो, बाबा.”

त्यांनी पिशवीची नीट घडी केली. मला वाटलं आता बोलतील, निदान एक उसासा तरी टाकतील. ते म्हणाले, “नोकरीत मी अपघाताचे पंचनामे खूप केले. माणसं मला म्हणायची, साहेब, माहीत नव्हतं. निम्म्यांना माहीत असायचं. मी लिहून घ्यायचो, माहीत नव्हतं. त्यांच्या घरी बायका-पोरं असायची.” मग म्हणाले, “मी काही लिहिणार नाही. पण त्याला सांग. तो त्या दिवशी कसा पळाला ते मी बघितलंय.”

शनिवारी मी नवऱ्याला घेऊन नदीवर गेले आणि चालता चालता सगळं सांगितलं. पिशवी वाचल्याचं, पहिल्या दिवशी जागा सोडल्याचं, दुसऱ्या दिवशी बुजवल्याचं. गवत आधीच दिसल्याचंही. कारणं सांगायची नाहीत असं ठरवून गेले होते, तरी मुलीचा खोकला तोंडात आलाच.

तो चालतच राहिला. पलीकडून कुत्रा घेऊन एक बाई आली, हसून “किया ओरा” असा नमस्कार करून गेली. मग तो म्हणाला, “मी पळत होतो तेव्हा माझ्या मनात तुम्ही दोघी गेल्या होतात. आणि बाबा. तिघंही. त्या दारापर्यंत माझं सगळं ठरून गेलं होतं. ते तुला कधीच कळणार नाही.”

“सॉरी,” मी म्हणाले. तो शब्द किती पोकळ असतो ते त्या बांधावर मला कळलं.

पुढचे चार-पाच दिवस तो कामापुरतंच बोलला. भांडला असता तर बरं झालं असतं. मग एका सकाळी ट्रेनला निघताना बूट बांधता बांधता म्हणाला, “इलेक्ट्रिशियनला मी फोन केलाय. आणि ऐक, तू म्हणत होतीस घर गार आहे, तेव्हा मी ऐकायला हवं होतं.” माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

इलेक्ट्रिशियन एक माओरी बाई होती, माझ्याच वयाची, हसरी. तिने माळ्यावरून सगळे दिवे तपासले. शेगडीवरच्या दिव्याची वायर वितळून तांबं उघडं पडलं होतं. तिने तो तुकडा खाली आणला तेव्हा बाबांनी हातात घेऊन वास घेतला आणि मान डोलवली. ती दोघं मग कनेक्टरवर बोलत बसली. तिचं किवी इंग्रजी, त्यांचं कराडचं इंग्रजी, पण वायरच्या भाषेत त्यांचं काही अडलं नाही.

“अकरा दिवे कशाला लागतात एका खोलीला?” बाबांनी विचारलं. ती हसली. म्हणाली, मलाही हेच प्रत्येक घरात विचारावंसं वाटतं. शेवटी पाच भोकं बुजवून टाकायची ठरली. उरलेल्या सहा जागी तिने बंद पाठीचे एलईडी दिवे बसवले. हे फारसे तापत नाहीत, त्यांच्यातून हवाही खाली येत नाही, आणि गादी वरून घातली तरी चालते, तशी खूण दिव्यावरच असते. ती खूण तिने मला बोट ठेवून दाखवली. “पण खूण नसली तर हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “दिव्यांचे छोटे डबे गादीच्या वर ठेव, खाली पुरू नकोस.” पक्षी येत होते त्या फटीला जाळी ठोकायलाही तिनेच सांगितलं.

गाद्या परत अंथरायचं काम मात्र माझं होतं. नवरा म्हणाला, मी करतो. मी नको म्हटलं. झाकणातून अंग वर ओढून घेतलं. करपलेल्या तुळईचा वास अजून होता. ती तुळई बोटाने घासली, बोट काळं झालं. मी तिथेच तुळयांवर पालथी पडून राहिले, किती वेळ ते आठवत नाही.

“कुठे पोचलीस?” खालून बाबांनी विचारलं. ते शिडी धरून उभे होते.

“पहिल्याच दिव्यापाशी.”

“खूण आहे?”

“आहे.”

“डबा वर घेतलास?”

“घेतला.”

“मग गादी टाक. आणि पुढच्याला गेलीस की सांग.”

असे सहा दिवे झाले. प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच क्रमाने. बाबांच्या त्या तीन महिन्यांतलं माझ्याशी झालेलं सगळ्यात मोठं संभाषण हेच असेल. खाली उतरले तेव्हा मुलगी म्हणाली, “ममा, यू लुक लाइक अ घोस्ट,” आणि आजोबांनी तिला मराठीत सांगितलं, की भुताला आधी हातपाय धुवायला पाठव.

त्यानंतर आम्ही त्या घरात पाच हिवाळे काढले. घर ऊबदार राहिलं. सप्टेंबरमध्ये मला नोकरी लागली, बाबा परत गेले आणि पुढे दर दोन वर्षांनी येत राहिले. मी मात्र पूर्वीसारखी स्वस्थ काही झाले नाही. कुणाच्याही घरी गेले की मान आधी वर जाते.

दोन-तीन वर्षांनी पामर्स्टन नॉर्थ शहरातल्या एका मराठी जोडप्याने आम्हाला रविवारी जेवायला बोलावलं. नवं घेतलेलं जुनं घर, बाहेर भरून आलेलं, त्यामुळे भर दुपारी दिवे लावलेले. स्वयंपाकघराच्या छतात आठ हॅलोजन. आमटी वाढताना यजमान कौतुकाने म्हणाला, “मागच्याच वीकेंडला मी स्वतः सगळं इन्सुलेशन घातलं. अंगाला मस्त ऊब लागते बघा.”

“दिव्यांभोवती जागा सोडलीस?” मी विचारलं.

“थोडी सोडलीय. काही ठिकाणी घातलंय वरून. ते जळत नाही म्हणे.”

माझा नवरा ताटाकडे बघत होता. आजवर हा प्रसंग सांगताना मी प्रत्येक वेळी ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असंच म्हणत आले होते, आणि त्याने एकदाही मला टोकलं नव्हतं.

“मीही घातलं होतं,” मी म्हणाले. “पिशवीवरची सूचना वाचून, समजून घातलं होतं. मग घरी फायर ट्रक आला.” आणि मग मी सगळं सांगितलं, मासळीच्या वासापासून. सांगताना घास हातातच राहिला होता. यजमानीण मध्येच म्हणाली, “अगं, असू दे आता, जेव,” पण मी थांबले नाही.

यजमान उठला. त्याने हात धुतले आणि स्वयंपाकघराचे दिवे बंद केले. मग पॅसेजमध्ये शिडी आणून ठेवली, आणि खिडकीतून येणाऱ्या करड्या उजेडात आम्ही उरलेलं जेवण संपवलं. दिवे गार झाल्यावर वर चढायला माझा नवरा त्याच्याबरोबर गेला.